काचेवरची पेन्सिल

आई, तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. बाबांच्या मागे मी मुंबईला आले, तशी वर्षभरात तूही आलीस आणि मग तू जाईपर्यंत आपण एकाच घरात राहिलो. शिवाय तुला वाचायचा कंटाळा. आलेलं पत्र माझ्यापुढे धरायचीस आणि म्हणायचीस, "काय म्हणतायत ते थोडक्यात सांग." हे थोडक्यात होणार नाही, ते आधीच सांगून ठेवते. परवा एका मासिकातून एक मुलगी आली होती. तुम्ही फोटोग्राफीकडे कशा वळलात, त्या काळात बायका या धंद्यात नव्हत्या, काय प्रेरणा होती, असं विचारत होती. मी म्हटलं, वडिलांचा स्टुडिओ होता, तिथेच शिकले. तिनं ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेली. मी काही खोटं बोलले नाही. पण दार लावून आत आले तेव्हा मला आपलं मुरुडचं स्वयंपाकघर आठवलं आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे.

पुढे बाबांचा स्टुडिओ, मागे आपलं घर आणि त्यामागे पोफळीची वाडी. स्टुडिओच्या छपराला एका बाजूला कौलांऐवजी काचा होत्या, आणि भिंतीवर तो पडदा, संगमरवरी जिना, तळं आणि तळ्यात दोन हंस. हंस जरा बदकासारखे होते. खुंटीला एक काळा कोट. ज्याच्याकडे कोट नाही त्याला बाबा तो चढवायचे, सैल झाला तर पाठीमागून टाचण्या लावायचे. मुरुडच्या निम्म्या बाप्यांचे फोटो त्या एकाच कोटात असतील. बाबा म्हणायचे, "माणूस जन्मात एकदा तरी साहेबासारखा दिसला पाहिजे." त्यासाठीच ते या धंद्यात आले होते, दुसरं काही कारण नव्हतं. संस्थानातले अंमलदार असोत नाहीतर शिमग्याला मुंबईहून आलेला गिरणीतला जॉबर असो, बाबा सगळ्यांना सारख्याच आदबीनं बसवायचे, हनुवटीला दोन बोटं लावून मान वळवायचे आणि दोन पावलं मागे जाऊन, देवाची पूजा बांधून झाल्यावर बघावं तसे बघायचे.

आणि तू आत. चुलीपासून लांब, खिडकीपाशी ते उतरतं मेज मांडलेलं आहे, त्यात मधोमध काच, खाली आरसा. उजेड आरशावरून उलटा वर येतो आहे आणि तू फोटोच्या काचेवर पेन्सिल चालवते आहेस. टचिंग. बाबांची नजर बारीक कामाला पुरेना, म्हणून लग्नानंतर त्यांनी ते तुला शिकवलं होतं. आधी हळदीचे हात शिकेकाईनं धुवायचे, मग पॉलिशपेपरवर पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं. उलट्या काचेत, म्हणजे निगेटिव्हमध्ये, माणसाचं तोंड काळं आणि केस पांढरे. त्या भुतासारख्या तोंडावर जिथे बारीक चकाकी दिसेल तिथे खळगा, म्हणजे देवीचा वण. तो पेन्सिलीनं भरला की छापल्यावर गाल साफ. त्या काळी देवीचे वण घरटी एकाच्या तरी तोंडावर असायचे. किती जणांचे गाल तू बुजवलेस! माशाची आमटी उकळायला लागली की "जरा बघ गं तिकडे" म्हणायचीस आणि नजर काचेवरून हलवायची नाहीस. माझे वण तर तुला रोज बिनकाचेचे दिसत होते. चौथ्या वर्षी देवी आल्या, मी वाचले, आणि तोंडावर त्या राहून गेल्या.

बाबा पडले तो श्रावण होता. एक मोठं कुटुंब फोटोला बसलेलं आणि बाबा काळ्या फडक्याखाली. ती माणसं श्वास रोखून बसून राहिली, त्यांना वाटलं फोकस लावतायत. फडक्यासकट बाबा खाली आले तेव्हा कळलं. उजवी बाजू गेली. वाचा राहिली, पण जड झाली. त्यांना आतल्या खोलीत बाजेवर ठेवलं, आणि चार दिवसांनी तू त्यांना दूध पाजता पाजता म्हणालीस, "फोटो मी काढते."

"फोटो काढणं म्हणजे भाकरी थापणं नव्हे," बाबा म्हणाले.

"भाकरी तरी तुम्हांला कुठे थापता येते?"

बाबा हसले. अर्ध्या तोंडानं हसले, आणि मग रडले. मी दारात उभी होते. बारा-तेरा वर्षांची असेन.

पण बाईनं "मान वर करा, हात मांडीवर ठेवा" म्हटलेलं बाप्यांना सोसेना. दोघे-तिघे आले, अवघडून बसले आणि फोटोत तसेच अवघडलेले आले. मग कोणी येईना. तू रोज सकाळी कॅमेरा पुसायचीस आणि काळं फडकं झटकून परत घालायचीस. खाऱ्या हवेनं कॅमेऱ्याचा कातडी भाता बुरसेल म्हणायचीस, पण मला वाटतं तुला नुसतं हात लावायचा असायचा. आणि एका दुपारी मागच्या दारानं, वाडीतून, मुसलमान मोहल्ल्यातली एक म्हातारी आली. बुरखा वर करून पायरीवर बसली, पाणी मागितलं आणि म्हणाली, "बेटी, तू काढतेस म्हनतात. खरा हाय?"

तिचा मुलगा आफ्रिकेत होता, कुठल्याशा बंदरात दुकानावर. तो गेला तेव्हा सून पोटुशी होती. आता नात पळायला लागली होती आणि त्यानं तिला पाहिलं नव्हतं. प्रत्येक पत्रात तो दोघींचा फोटो मागत होता. "पन आमची सून मर्दासमोर बसायची न्हाय. तू ये."

दुसऱ्या दिवशी आपण गेलो. एकटीनं कसं जायचं म्हणून तू मला घेतलंस. त्यांच्या मागच्या अंगणात तू पांढरी चादर वाळत घातल्यासारखी टांगलीस, म्हणजे उजेड तिच्यावरून उलटून तोंडावर पडेल. मग सून बाहेर आली. आई, तुझा हात थांबलेला मी पाहिला. जरीची ओढणी, हातभर बांगड्या, आणि त्या सगळ्याच्या आत काहीच नाही. गाल बसलेले, डोळे मोठे. बांगड्या खाली सरकू नयेत म्हणून तिनं हात वर धरले होते. तिला खोकला होता. म्हातारी म्हणाली, हवा बदलली म्हणून.

तू तिला सांगितलंस, मी भिंगावरचं टोपण काढीन तेव्हा हलायचं नाही, परत लावीन तेव्हा श्वास सोड. पोरगी तिच्या मांडीवर. तू टोपण काढलंस. मला अजून तिचा गळा दिसतो. खोकला आत येऊन धडका मारतोय, गळ्याची शीर फुगलीय, आणि तोंडावर काही नाही, ती समोर बघते आहे. टोपण लागलं आणि ती वाकली ती कितीतरी वेळ सरळ झाली नाही. पोरगी तिच्या पाठीवर थापट्या मारत होती, मोठ्या माणसासारख्या.

निघताना तिनं तुला ओटीवर गाठलं. "बाई, म्या आरशात बघते. मना ठावं हाय कशी दिसते ती. त्यांना अशी धाडू नका. तिकडं परमुलखात कोन हाय त्यांना? झुरतील." आणि मग खाली बघून, "लग्नात म्या बरी होती दिसायला."

दुसऱ्या दिवशी काच वाळल्यावर तू खिडकीशी बसलीस. मी शेजारी बसून बघत होते. डोळ्यांखालचं काळं तू काढलंस, गालांचे खळगे हळूहळू भरत आणलेस, गळ्याच्या शिरा पुसल्यास. छापून आला तो फोटो बाबांना दाखवलास. बाबा डाव्या हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता तू फोटोग्राफर झालीस." तुला इतकं आनंदलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं.

तिथून बायका येऊ लागल्या. मोहल्ल्यातल्या आल्या, मग बामणआळीतल्या, मग सगळीकडच्या. बायकांना बाप्यासमोर मान वर करायची नव्हती हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. पावसाळा सरला की राजपुरीहून मचव्यानं खाडी ओलांडून दिघीला आणि पुढे बैलगाडीनं बोर्ली पंचतनला जायचो, बाजाराच्या दिवशी. तिथे एका म्हाताऱ्या कोळणीनं टोपली खाली ठेवून विचारलं होतं, "बाय, फोटू काढला का आयुक्ष कमी व्हतं म्हनतान, खरा का?" तू म्हणालीस, माहीत नाही. "मंग माजा काढ. लय झाला." तो फोटो कोणी मागितलेला नव्हता. तुझ्याकडे असे न मागितलेले फोटो साठू लागले. सुके बोंबील उलटवणाऱ्या बायका, मिठागरातल्या पायांचे भेगाळलेले तळवे, होडीच्या सावलीत निजलेलं पोर. बाबा कुरकुरायचे, गिऱ्हाईक नसताना काचा कशाला नासतेस. तू म्हणायचीस, "तुम्ही त्यांना साहेब केलंत. मला ती आहेत तशी बघायची आहेत." पण प्रत्येकाला विचारल्याशिवाय तू कॅमेरा उघडत नव्हतीस. झोपलेल्या पोराच्या आईलासुद्धा शोधून आणलं होतंस.

ती सून दुसऱ्या वर्षीच्या थंडीत गेली. आपण समाचाराला गेलो होतो, बायकांत बसून आलो. आणि पुढचा पावसाळा सरून, समुद्र मोकळा होऊन आगबोटी सुरू झाल्यावर, तिचा नवरा आला. पुढच्या दारानं आला. उंच, उन्हानं रापलेला, अंगावर तिकडचा कोट. खिशातून रुमाल काढला, रुमालातून फोटो.

"बाई, ही तसवीर तुमी काढली?"

"हो."

"ती अशी होती का?"

तू मेजाला धरून उभी होतीस. म्हटलं असतंस, हो, अशीच होती, तर तो गेला असता. तू म्हणालीस, "नव्हती. फार वाळली होती. तिनं सांगितलं म्हणून मी गाल भरले."

तो ओरडेल असं मला वाटलं. तो बाकावर बसला, फोटो काढून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बसतं तसा, हात मांडीवर ठेवून. "अम्मीनं लिवलं होतं, तबियत बरी न्हाय. म्या तसवीर बघितली. म्हटलं म्हातारी उगाच घाबरते. शेठ म्हनाला आनखी एक मोसम ऱ्हा, म्या ऱ्हायलो." मग फोटोवरून नजर न काढता, "खरी हाय का तुमच्याकडं?"

तू आत गेलीस. पेटीतून ती काच काढलीस. टर्पेंटाईनचा बोळा घेतलास आणि त्याच्यासमोर, उभ्या उभ्या, तिच्या गालांवरची पेन्सिल पुसलीस. कागदाला काच लावून छापायच्या चौकटीत घातलीस आणि चौकट अंगणात उन्हात ठेवलीस. ढग नव्हते. तो चौकटीशेजारी उकिडवा बसला. मधून मधून तू मागची फळी उघडून दाखवत होतीस, आणि कागदावर ती येत होती. आधी ओढणी, मग बांगड्या, मग डोळे, मग ते गाल. एकदा फक्त त्यानं आपला हात चौकटीवर सावली धरल्यासारखा केला आणि लगेच काढून घेतला. तू फोटो पक्का करून, धुऊन, वाळवून देईपर्यंत तो तिथून हलला नाही. जाताना त्यानं दोन्ही नेले. जुना टाकून देईल वाटलं होतं, पण दोन्ही एकाच रुमालात बांधले.

बाबांनी आतून सगळं ऐकलं होतं. "दोन्ही नेले ना?"

"हो."

"मग आपण काही वाईट केलं नाही."

"वाईट नसतं केलं, तर तो आज आला नसता. आधीच आला असता," तू म्हणालीस, आणि चुलीपुढे जाऊन बसलीस. चूल पेटलेली नव्हती.

त्यानंतर पेन्सिल डब्यात गेली. कोणी अगदीच हट्ट केला तर तू करायचीस, पण आधी विचारायचीस, "कोणासाठी हवाय फोटो?" मला त्याचा अर्थ कळला नव्हता. माझं सतरावं सरलं आणि आत्यानं पालीचं स्थळ आणलं तेव्हा तर माझ्या डोक्यात तो प्रश्न आलासुद्धा नाही. मुलगा कारकून, घरात दूधदुभतं, मुलीचा फोटो मागितलाय. आत्या म्हणाली, "घरचाच कारखाना आहे, काय हवं ते करा." मी तुझी अंजिरी साडी नेसले. तू मला हंसांच्या पडद्यापुढे बसवलं नाहीस, खिडकीपाशी बसवलंस. तू टोपण काढलंस तेव्हा मी त्या सुनेसारखा श्वास धरला होता, आणि मनातून निर्धास्त होते. माझी आई सगळ्या मुलखाचे वण बुजवते. माझे काय!

पालीहून फोटो परत आला. सोबत निरोप, पत्रिका जुळत नाही. आत्या तो फोटो घेऊन आली आणि तुझ्यापुढे आपटला. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला. एकेक वण होता. कपाळावरचे, नाकावरचे, हनुवटीखालचा मोठा. खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येकाला स्वतःची सावली होती.

आत्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. तू तांदूळ निवडत होतीस. मी म्हटलं, "परक्या बाईला गाल दिलेस. पोटच्या पोरीला देता नाही आले?"

तू सूप खाली ठेवलंस. "तिला दिलेले गाल कोणाच्या कामी आले?"

"तिच्या! तिनं मागितले होते!"

"आणि तू मागितले असतेस तर मी नाहीच म्हटलं असतं. अगं, अंतरपाट बाजूला झाला की तो तुझं तोंड बघणार. फोटोवाल्यांनी फसवलं म्हणणार. आम्हांला नाही बोलायचा तो, आम्ही इथे राहणार. तुला बोलेल. उभा जन्म बोलेल. ज्याला हे तोंड नको, त्याच्या घरी मी तुला कशाला धाडू?"

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

तू सूप उचललंस आणि परत निवडायला लागलीस. मी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाही. जेवायला वाढ, दार लाव, एवढंच. आणि एका सकाळी बोर्लीची एक मुलगी दाखवायच्या फोटोसाठी आली, एका डोळ्यात फूल पडलेली, पदरानं तो डोळा झाकून बसली. तू काळं फडकं माझ्या हातात दिलंस. "आज तू काढ. तुझ्याशी ती बोलेल." आणि तू आत निघून गेलीस. मी तिच्यासमोर बसले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पदर आपणहून खाली घेतला. मी इकडे वळले ती तेव्हा, आई. त्या मासिकवालीला हे सांगायला हवं होतं. माझं तोंड बघून समोरचा माणूस आपलं तोंड उघडं करतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे सबंध जन्म मी त्याच भांडवलावर काढला. मुंबईला पहिली नोकरी लागली ती अंधाऱ्या खोलीत काचा धुवायची, गिऱ्हाइकांसमोर तुम्ही नको असं मालकानं स्पष्ट सांगितलं होतं. मग एक रडणारं पोर कोणाकडूनच गप्प होईना, तेव्हा मला बाहेर बोलावलं आणि परत आत धाडलं नाही. तुझे जावई भेटले तेही फोटोला आले होते म्हणूनच. तीनदा डोळे मिटले त्यांनी. म्हणाले, "तुम्ही बोलत असता, मला लाजायला होतं." तू त्यांना पहिल्या भेटीत विचारलं होतंस, "नीट बघितलंत ना हिला?" ते म्हणाले होते, "चार वेळा बसलो, तेवढंच करत होतो." तू मला स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "हा चालेल."

गिऱ्हाइकाला मीही तुझाच प्रश्न विचारत आले, कोणासाठी हवाय. आणि तुझ्यासारखंच कधी पेन्सिल लावली, कधी नाही लावली. नियम मला काही सापडला नाही. त्या सुनेचं मला अजून ठरवता येत नाही. तो आधी आला असता, हे खरं. पण अंगणात खोकला गिळून ती बसली होती ती लग्नातल्यासारखी दिसायला, आणि त्याच्या रुमालात ती तशीही राहिली. तू मला एवढंच विचारलं असतंस की कोणासाठी, तर मी काय सांगितलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पालीच्या मुलासाठी नव्हे गं. त्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं.

तू बरोबर होतीस. हे मी तू असताना एकदा म्हणायला हवं होतं, ते आता म्हणते. लोक घरी येतात, तो खिडकीपाशी काढलेला माझा फोटो भिंतीवर बघतात आणि म्हणतात, तुमच्या आईचं सगळ्यात चांगलं काम हेच. मी हो म्हणते. तसं ते आहेच. पण तुला म्हणून सांगते, मला तो अजूनही आवडत नाही. अंजिरी साडी नेसले होते, केसांत तू स्वतः अबोली माळली होतीस. आई, मला त्या दिवशी सुंदर दिसायचं होतं.